टीबी: गोळ्या घेणाऱ्याला टाळायचं, खोकणाऱ्याला खेटून बसायचं

२०२५ पर्यंत भारत टीबीमुक्त करायचा, असं सरकारनं २०१८ मध्ये जाहीर केलं होतं. जगानं हीच मुदत २०३० ची ठेवली होती, आपण पाच वर्षं अलीकडची घेतली. ती सरली. हिशेब साधा होता. २०१५ साली दर लाख लोकांमागे वर्षाला २३७ जणांना नव्यानं टीबी होत होता. हे प्रमाण ८० टक्क्यांनी खाली आणायचं, म्हणजे पन्नासच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२४ मध्ये ते १८७ वर होतं. घट झाली २१ टक्के. जगाच्या सरासरी घटीपेक्षा ती बरीच जास्त आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण जगातल्या दर चार नव्या रुग्णांपैकी एक अजूनही भारतातलाच असतो.

आपल्या शहरापुरतं बघू. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख होती. देशाची सरासरी तिला लावली तर वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास नवे रुग्ण होतात. नागपूरचा प्रत्यक्ष आकडा वेगळा असणार, पण अंदाज यायला एवढं पुरे. आता आठवून बघा, ओळखीतल्या किती जणांनी ‘मला टीबी झाला होता’ असं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय? कोणाच्या ‘छातीत पाणी झालं होतं’, कोणाच्या ‘मानेला गाठ आली होती’, कोणी ‘निमोनियानं पार वाळला होता’. शुगर, बीपी, बायपासच्या कहाण्या आपण पानठेल्यावर उभ्या उभ्या सांगतो. टीबीची गोष्ट उंबऱ्याबाहेर पडत नाही.

ही लपवाछपवी आजाराचा एक दुःखद सामाजिक परिणाम म्हणून बाजूला ठेवली जाते. मला ते पटत नाही. टीबी पसरण्याच्या रस्त्यातला तो एक टप्पाच आहे. कसा, हे कळायला थोडं मुळापासून जावं लागेल.

हवेतून पसरतो म्हणजे नेमकं काय होतं?

टीबी एका जिवाणूमुळे होतो. जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला तो शोधल्याचं जाहीर केलं, म्हणून २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन असतो. आजार आनुवंशिक नाही. बापाला होता आणि मुलालाही झाला, तर त्या दोघांत रक्तापेक्षा खोली एक असण्याचा संबंध जास्त असतो.

फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, शिंकतो, जोरात बोलतो तेव्हा अगदी सूक्ष्म थेंब हवेत जातात. बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासातून आत शिरतात. पसरण्याचा मुख्य रस्ता हाच. (न उकळलेल्या दुधातून जनावरांचा टीबी येऊ शकतो, पण आपल्याकडे दूध उकळल्याशिवाय चुलीवरून उतरत नाही.) ताट, कपबशी, टॉवेल, हात मिळवणं, एकाच संडासाचा वापर यातून टीबी होत नाही. केस आणि नखं सोडली तर टीबी शरीरात जवळपास कुठेही होऊ शकतो: मणक्यात, आतड्यात, गाठींमध्ये, मेंदूच्या आवरणात, गर्भाशयात. फुप्फुस किंवा घसा सोडून दुसरीकडचा टीबी सहसा कोणाला लागत नाही, कारण तो श्वासावाटे बाहेर येत नाही. अमिताभ बच्चन यांनी आपल्याला मणक्याचा टीबी झाला होता हे जाहीरपणे सांगितलंय. त्यांच्या शेजारी बसून कोणाला टीबी झाला नसता.

रस्त्यावर थुंकण्याचं काय? ती घाण आहेच. पण वाळून उन्हात पडलेल्या थुंकीतले जंतू टिकत नाहीत, आणि नागपूरच्या उन्हात तर नाहीच. त्यामुळे भिंती रंगवणाऱ्या खर्रावाल्यांना दुसऱ्या शंभर गोष्टींसाठी बोल लावा, टीबीचा आळ मात्र त्यांच्यावर नीट बसत नाही. त्यांच्या बाबतीत मला भीती वाटते ती वेगळीच. थुंकी कायमच तांबूस असेल तर बेडक्यात रक्ताची रेघ आली हे त्या माणसाला कळणार कसं?

किती वेळ एकत्र काढला, यावर खूप काही ठरतं. शेअर ऑटोत दहा मिनिटं शेजारी कोणी खोकलं तर धोका कमी. एकाच खोलीत झोपणं, एकाच कारखान्यात आठ तास घालवणं, वसतिगृहात खाट शेजारी असणं, इथं धोका वाढतो. शहरात ठिकठिकाणी झालेल्या अभ्यासिका मला या दृष्टीनं काळजीच्या वाटतात. एसी सुरू, काचा बंद, पन्नास-साठ मुलं-मुली सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली, आणि जेवण मेसच्या पातळ वरणावर. एसी बहुतेक वेळा खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो. आपला जुना खिडकीतला कूलर यापेक्षा कितीतरी बरा. तो बाहेरची हवा आत ओढतो आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी असेल तरच गारवा देतो, म्हणजे खोलीतली हवा सारखी बदलत राहते. तोच कूलर खोलीच्या मधोमध ठेवून दारं लावून घेतली तर हा फायदा गेला. (दमटपणा आणि चिकचिक मिळते ती वेगळी.)

जंतू आत गेला म्हणजे टीबी झालाच का?

नाही. इथंच बहुतेकांचा घोळ होतो. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या साधारण ३१ टक्के लोकांच्या शरीरात टीबीचा संसर्ग आढळला. म्हणजे आपली बस सीताबर्डीवरून निघते तेव्हा तिच्यातल्या दर तिघांपैकी एकाच्या शरीरात हा जंतू असू शकतो. त्यातले बहुतेक आयुष्यभर ठणठणीत राहतात, कारण शरीर त्या जंतूला कोंडून ठेवतं. याला सुप्त संसर्ग म्हणतात. खोकला नाही, ताप नाही, दुसऱ्याला लागण्याचा प्रश्न नाही. अशांपैकी ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो.

कोणाला होतो? ज्याची प्रतिकारशक्ती ढासळते त्याला. भारतात याचं सगळ्यात मोठं कारण अपुरं अन्न हे आहे. त्याशिवाय मधुमेह (यात धोका दोन ते तीन पट होतो), विडी-सिगारेट, दारू, एचआयव्ही, दीर्घकाळ चालणारी स्टेरॉइडची औषधं. आणि दगडाची बारीक धूळ, जी फुप्फुसात जाऊन बसते आणि टीबीला वाट करून देते. उमरेड रस्त्यावरच्या पाचगावकडच्या दगडखाणी, गिट्टीक्रशर, जिल्ह्यातल्या खाणी, इथं काम करणाऱ्यांच्या खोकल्याला ‘धुळीचा आहे’ म्हणून सोडून देणं म्हणूनच महागात पडतं.

ही तर गरिबांची बिमारी, आपला काय संबंध?

अर्धं खरं आहे. दाटीवाटीची घरं आणि अर्धपोटी राहणं यामुळे टीबी गरिबांना जास्त होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. झारखंडमध्ये झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. टीबी रुग्णांच्या घरच्यांना महिन्याला तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांना हे मिळालं नाही, त्यांच्या तुलनेत इथल्या माणसांत टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. फुप्फुसाचा, म्हणजे दुसऱ्याला लागणारा टीबी धरला तर ४८ टक्क्यांनी. डाळ-तांदळानं! नवीन लस एवढं काम करती तर पहिल्या पानावर फोटो आले असते.

पण उरलेलं अर्धं खोटं आहे. धरमपेठेतल्या शुगरवाल्या काकांच्या फुप्फुसाला त्यांच्या फ्लॅटची किंमत ठाऊक नसते. उलट अशा घरांत निदान उशिरा होण्याची भीती असते, कारण ‘आपल्यात हे होत नाही’ असं घरचे धरून चालतात आणि कधीकधी डॉक्टरही.

दुसऱ्याला लागण्याचा धोका नेमका कधी असतो?

आता मूळ मुद्द्याला येतो. एका माणसाचा प्रवास बघा. खोकला सुरू होतो. पहिला आठवडा आलं-मधात जातो, दुसरा औषधाच्या दुकानातल्या खोकल्याच्या बाटलीत. मग गल्लीतले डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात, थोडं बरं वाटतं, परत खोकला. वजन उतरतं, संध्याकाळी बारीक ताप येतो, रात्री घाम फुटतो. कोणीतरी ‘बेडका तपासून घे’ म्हणतं. तो नाव ऐकूनच बिथरतो आणि दुसरा डॉक्टर शोधतो. महिना, दोन महिने असे जातात. या सगळ्या काळात तो लग्नांना जातो, दुकानात बसतो, नातवाला कुशीत घेऊन झोपतो. त्याच्यापासून सगळ्यात जास्त संसर्ग होतो तो याच काळात. उपचार न झालेला फुप्फुसाच्या टीबीचा एक रुग्ण वर्षभरात १० ते १५ जणांना संसर्ग देऊ शकतो.

शेवटी निदान होतं, गोळ्या सुरू होतात. योग्य औषधं लागू पडत असतील तर साधारण दोन आठवड्यांत त्याच्यापासून संसर्ग होण्याचा धोका झपाट्यानं उतरतो. आणि नेमकं तेव्हाच घर जागं होतं. ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण गच्चीवरच्या खोलीत, घरमालकाची नोटीस, ऑफिसात शेजारची खुर्ची रिकामी. आपण टाळतो तो बहुधा गोळ्या घेणारा असतो. ज्याच्यापासून खरा धोका आहे तो तपासणी न केलेला खोकणारा माणूस आपल्याला खेटून बसलेला असतो, आणि हे असं टाळलं जाणं पाहूनच तो तपासायला जात नाही. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते. सगळेच लाजेपोटी गेले नाहीत असं मी म्हणणार नाही; रोजी बुडते, खोकल्याला कोणी आजारच मानत नाही. पण नाव कळलं तर काय होईल ही भीती त्यात आहे, हे तुम्हालाही माहीत आहे.

ही वागणूक आली कुठून? औषधं नव्हती तेव्हा माणूस दूर ठेवणं एवढाच उपाय हातात होता. टीबीवरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं. त्याआधी ज्याला परवडे तो पाचगणीला किंवा मिरजेकडच्या सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या रुग्णांना वेगळं ठेवायच्या रुग्णालयात, जाई. पुढे १९५६ मध्ये मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीच्या, गरिबीच्या घरातच औषधं दिली. घरी राहिलेले तेवढेच बरे झाले. आणि त्यांच्या घरच्यांमध्ये टीबी जास्त झाला नाही, कारण घरच्यांना जे लागायचं ते बहुतेक निदानाच्या आधीच लागलेलं होतं. या अभ्यासामुळे जगभर सॅनेटोरियम बंद पडत गेली. सॅनेटोरियम गेली, कपबशी मात्र अजून वेगळीच आहे.

तरी सुरुवातीला काही पाळायचं की नाही?

पाळायचं, पण नेमकं. पहिले दोन-तीन आठवडे, किंवा डॉक्टर सांगतील तोवर, रुग्णानं मास्क लावावा, खोकताना तोंडावर रुमाल धरावा, शक्य असेल तर हवेशीर खोलीत वेगळं झोपावं, लहान मुलांशी फार जवळीक टाळावी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बेडका झाकणाच्या डब्यात धरून नीट विल्हेवाट लावावी. भांडी एकत्र घासली तरी चालतात. जेवायला सोबत बसवा. औषधाला दाद न देणारा टीबी असेल तर ही काळजी जास्त दिवस घ्यावी लागते, ते डॉक्टर सांगतात.

सहा महिने गोळ्या कशाला? महिन्याभरात तर बरं वाटतं

बरं वाटतं हीच अडचण आहे. कपाशीच्या वावरात निंदण करतो तेव्हा उगवलेलं तण निघतं, वावर स्वच्छ दिसतं. पण मातीत न उगवलेलं बी पडून असतं. पाऊस झाला की ते वर येतं, म्हणून पुन्हा डवरणी, पुन्हा निंदण. टीबीच्या जंतूचं तसंच. काही भराभर वाढणारे असतात, ते पहिल्या दोन महिन्यांत चार औषधांच्या माऱ्यात मरतात आणि माणसाला हुशारी वाटते. काही झोपून राहिलेले असतात, औषध त्यांच्यावर नीट चालत नाही. ते जसजसे जागे होतील तसतसे टिपायला पुढचे चार महिने लागतात. शिवाय हा जंतू मुळातच मंद. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दिवस लागतो.

मध्येच सोडलं तर जे उरतात त्यांत औषधाला न जुमानणारे निघू शकतात. हा औषधप्रतिरोधक टीबी. तो पुढे दुसऱ्याला लागला तर त्यालाही पहिल्या दिवसापासून तसाच लागतो, त्यानं एकही गोळी चुकवलेली नसली तरी. म्हणून ‘गोळ्या सोडल्या असतील त्यानं’ असा शेरा प्रत्येक वेळी मारू नये. यावरचे उपचार पूर्वी दीड-दोन वर्षं चालत आणि सुया टोचून जीव नकोसा होई. आता नव्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा उपचार भारतात २०२४ मध्ये मंजूर झाला आहे.

गोळ्यांचा त्रास होतो का? होऊ शकतो. मळमळ, सांधेदुखी, आणि क्वचित कावीळ किंवा नजर अंधुक होणं. या शेवटच्या दोन्हींसाठी लगेच डॉक्टर गाठावा. रिफॅम्पिसिन या गोळीनं लघवी संत्र्याच्या रंगाची होते. पहिल्या दिवशी माणूस घाबरतो, पण त्यात काही धोका नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायांना मात्र हे सांगायलाच हवं की याच औषधामुळे त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, दुसरं साधन लागतं. हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं.

फुकटच्या गोळ्या, आणि वर सरकारात नाव

सरकारी गोळ्या हलक्या असतात हा समज मेयो, मेडिकलच्या ओपीडीपासून महालच्या वाड्यांपर्यंत सापडेल. औषधं तीच असतात. वजनाप्रमाणे, रोज घ्यायची. तपासणीही तिथं चांगली होते: सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर बेडक्यातला जंतू एक-दोन तासांत सापडतो आणि रिफॅम्पिसिन चालेल की नाही हेही कळतं. ट्रूनॅट तर गोव्यात बनतं. तक्रार करायचीच तर मधूनमधून होणाऱ्या तुटवड्याची करा. २०२४ च्या सुरुवातीला अनेक राज्यांत गोळ्या कमी पडल्या होत्या. रोज चुकवू नका म्हणून रुग्णाला दटावायचं आणि आपल्याकडेच गोळी नाही, हे शोभणारं नव्हतं.

नोंदणी २०१२ पासून बंधनकारक आहे, खासगी डॉक्टरांनाही. ती निक्षय नावाच्या सरकारी नोंदीत होते. यादी कुठल्या चौकात लागत नाही. नोंद झाली की पोषणासाठी उपचार सुरू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. पण मी आरोग्य खात्याच्या बाजूनंही सगळंच गोड सांगणार नाही. सगळ्या मोहल्ल्यासमोर ‘टीबीचे पेशंट इथं राहतात का?’ असं विचारत कोणी घर शोधलं, तर नोंद किती गुप्त आहे याला काय अर्थ उरला? शिधा वाटप करताना रुग्णाच्या हातात पिशवी देऊन फोटो काढायची हौसही आवरायला हवी. रुग्ण फोनवर बोलू म्हणाला, किंवा दुसऱ्या भागातल्या केंद्रावर येतो म्हणाला, तर ते मान्य करण्यात काही बिघडत नाही.

मुलीचं लग्न व्हायचंय

हा प्रश्न उघडपणे कोणी विचारत नाही, पण दबक्या आवाजात सगळ्यात जास्त विचारला जातो. उपचार पूर्ण झाले, तपासणी झाली, डॉक्टरनं बरी झाली म्हटलं, म्हणजे बरी झाली. लग्नाला, मूल होण्याला त्या जुन्या आजाराची आडकाठी नाही. गर्भाशयाच्या किंवा नळ्यांच्या टीबीमुळे मूल राहायला अडचण येऊ शकते, आणि ती बहुतेक वेळा निदान उशिरा झाल्यानंच वाढते. गरोदरपणात टीबी निघाला तरी नेहमीचे उपचार देता येतात, अंगावर पाजताही येतं. लग्न मोडेल म्हणून तपासणी लांबवणारे आईबाप नेमकं तेच संकट ओढवून घेतात. मुलाला टीबी झाला तर त्याला दूध-अंडी आणि सुनेला झाला तर माहेरची गाडी, हा भेद कुठल्या जंतूनं घालून दिलेला नाही.

बाळाला बीसीजी दिलं होतं, मग?

बीसीजी ही लस लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्व शरीरात पसरणाऱ्या गंभीर टीबीपासून वाचवते, म्हणून ती द्यायचीच. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून ती भरवशाचं संरक्षण देत नाही, हे तमिळनाडूत चेंगलपट्टूला झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

त्यामुळे घरात एकाला टीबी निघाला की सगळ्यांची तपासणी करायची. आजीचा खोकला ‘वयाचा’ म्हणून आणि बापाचा ‘विडीचा’ म्हणून सोडायचा नाही. कित्येकदा घरात पहिला रुग्ण तोच असतो आणि निदान मात्र नातवाचं आधी होतं. छातीचा एक्स-रे काढून घ्यावा, कारण देशाच्या सर्वेक्षणात ४० टक्क्यांहून जास्त रुग्ण केवळ एक्स-रेमुळे सापडले, त्यांना सांगण्यासारखी लक्षणंच नव्हती. ज्यांना आजार नाही त्यांना प्रतिबंधक गोळ्या मिळतात. त्यातला एक प्रकार आठवड्यातून एकदा, बारा आठवडे घ्यायचा असतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप, उतरतं वजन किंवा मानेला गाठ असेल तर जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात बेडका तपासून मिळतो. सकाळी उठल्याबरोबरचा, छातीतून खोकून काढलेला बेडका द्यावा. नुसती लाळ दिली तर तपासणी फुकट जाते. दवाखान्यात जायच्या आधी नाव न सांगता काही विचारायचं असेल तर १८००-११-६६६६ हा टोल फ्री क्रमांक आहे.